जरा मागची बाजू दाखवता का?

बुधवार, १ नोव्हेंबर २०१७

डॅलसहून निघालो तेव्हा गाडीत माणसं तीन आणि सामान सहा जणींचं. गाडी चालवणारी आमच्या गिल्डमधली सगळ्यांत ज्येष्ठ, वय वर्षं चौऱ्याहत्तर. तिला आम्ही कॅप्टन म्हणतो, कारण ती साधं ‘पाणी दे’ म्हणाली तरी हुकूम सुटल्यासारखं वाटतं. दुसरी निवृत्त नर्स. तिसरी मी, कऱ्हाडची सून, टेक्ससात येऊन क्विल्टच्या नादी लागलेली. क्विल्ट म्हणजे वर जोडलेले कापडाचे तुकडे, मधे कापूस, खाली अस्तर, असं टाके घालून शिवलेलं पांघरूण; आणि गिल्ड म्हणजे ते करणाऱ्यांचं मंडळ. महिन्याला एक बैठक, प्रत्येकीनं काहीतरी खायला आणायचं, आणि दर बैठकीत कुणीतरी कुणावर तरी रुसायचं. आपल्या भिशीत आणि यात फरक एवढाच, की इथे पैशांऐवजी कापडाचे तुकडे फिरतात.

ह्यूस्टन साधारण २४० मैल. दर शरदात तिथल्या जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये इंटरनॅशनल क्विल्ट फेस्टिव्हल भरतो. केरी ब्रेसेनहॅन नावाच्या बाईंनी सत्तरच्या दशकात, स्वतःच्या क्विल्टच्या दुकानामागोमाग, हे सुरू केलं. आता पन्नास-साठ हजार माणसं येतात. पंढरपूरशी तुलना करायचा मोह मी आवरते, पण डोक्यावर तुळशीऐवजी हातात चाकांची बॅग आणि मुखी ‘पाव इंच शिवण’, एवढाच काय तो बदल.

मी जात होते स्वयंसेवक म्हणून. हे सांगताना माझा आवाज किंचित खाली जातो. कारण उन्हाळ्याच्या आधी मी तिथल्या स्पर्धेसाठी माझ्या क्विल्टचे फोटो पाठवले होते आणि नकाराचं पत्र आलं होतं. अगदी सभ्य पत्र. ‘या वर्षी फार चांगल्या प्रवेशिका आल्या’ वगैरे. क्विल्ट खणांचा होता. आईच्या आणि मावशीच्या चोळ्यांचे खण, गावाहून मागवलेले आणखी काही, साठ इंच बाय साठ इंच. नाव ठेवलं होतं ‘परकर’. खण दिसायला राजबिंडा, पण कापला की कडा सुटत जातात. म्हणून मागून चिकटवायचं अस्तर इस्त्री केलं, तर कापड पापडासारखं कडक झालं. आमच्या गिल्डच्या प्रदर्शनात त्याला तिसरं बक्षीस मिळालं, आणि सोबत परीक्षकांची चिठ्ठी: रंगसंगती उठावदार. बाइंडिंग (म्हणजे कडेनं दुमडून शिवलेली पट्टी) पोकळ. मागच्या बाजूला धाग्यांची गुंतवळ.

ती शेवटची ओळ माझ्या मनातून जाईना. मागची बाजू बघतं कोण?

रात्री मुक्काम शुगर लँडला, वन्संकडे. कॅप्टन आणि नर्सबाई पण तिथेच. वन्संनी पिठलं-भाकरी केली होती. नर्सबाईंनी ठेच्याकडे पाहून ‘हे सालसा का?’ विचारलं आणि उत्तर यायच्या आत चमचाभर खाल्लं. पुढची दहा मिनिटं कुणी बोललं नाही. जेवून होईस्तोवर टीव्हीवर बेसबॉलचा अंतिम सामना संपत आला होता. ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोजनं लॉस एंजेलिसमध्ये ५-१ नं जिंकलं आणि पहिल्यांदाच विजेतेपद मिळवलं. गल्लीत फटाके वाजायला लागले. वन्सं म्हणाल्या, “दोन महिन्यांमागे पुरात इथं नावा फिरत होत्या, आणि आज बघ.”

गुरुवार

सकाळी फॅनिन साउथच्या वाहनतळावर गाडी लावून लाल लाइनची ट्रॅम पकडली. म्युझियम डिस्ट्रिक्टचं स्टेशन आलं तसं कॅप्टननं खिडकीवर बोट टेकवलं. २००२ साली इथल्या कलासंग्रहालयात तिनं जीज बेंडचे क्विल्ट पाहिले होते. अलाबामातलं नदीच्या वळणावरचं एक गाव, तिथल्या कृष्णवर्णीय बायांनी नवऱ्यांच्या विटलेल्या कामाच्या पँटी आणि जुने कपडे जोडून केलेली पांघरुणं. ती प्रथम या शहरात भिंतीवर लागली, मग न्यूयॉर्कला गेली, पुढे टपाल तिकिटांवरही आली. “गुडघ्याच्या जागी कापड कमी विटलेलं होतं,” कॅप्टन म्हणाली, “कारण तिथे ठिगळ असायचं. ते काढल्यावर खालचा निळा तसाच.” एवढं बोलून ती गप्प झाली. कॅप्टन गप्प होते तेव्हा विषय गंभीर असतो.

कन्व्हेन्शन सेंटर बाहेरून बोटीसारखं दिसतं, लाल-पांढऱ्या-निळ्या रंगाचं. ऑगस्टच्या शेवटी हार्वे वादळ आलं, टेक्ससच्या किनारपट्टीत काही ठिकाणी साठ इंच पाऊस पडला, तेव्हा याच इमारतीत दहा हजारांवर लोकांनी आसरा घेतला होता. आता त्याच फरशीवर काळे पडदे, दिवे, आणि रांगेनं टांगलेले क्विल्ट.

आम्हाला पांढरे सुती हातमोजे मिळाले. याच मोज्यांवरून या कामाला ‘व्हाइट ग्लव्ह’ म्हणतात. काम वरकरणी सोपं. आपल्या रांगेत उभं राहायचं, कुणी हात लावत असेल तर थांबवायचं, प्रसाधनगृह कुठे ते सांगायचं, आणि कुणी विचारलं की क्विल्टची कड मोजे घातलेल्या हातानं उचलून मागची बाजू दाखवायची. आमच्या रांगेची जबाबदारी असलेल्या बाईंनी एक युक्ती शिकवली: ‘हात लावू नका’ म्हणायचंच नाही. ‘थांबा, मी दाखवते’ म्हणायचं. माणूस ओशाळत नाही, उलट खूश होतो. ही युक्ती मी आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटासाठी वीस वर्षांपूर्वी वापरायला हवी होती.

पहिल्या तासाभरातच कळलं की मागची बाजू बघतं कोण या माझ्या प्रश्नाचं उत्तर ‘सगळे’ असं आहे. समोरून कौतुक करतील, ‘ओह’ म्हणतील, पाच पावलं मागे जाऊन फोटो काढतील, आणि मग जवळ येऊन हळूच, जणू सोन्याचा दर विचारावा तसं: “जरा मागची बाजू दाखवता का?”

माझ्या रांगेत एक हातशिलाईचा क्विल्ट होता, जपानमधून आलेला. करड्या-तपकिरी जुन्या वाटणाऱ्या कापडांवर रानफुलं जोडलेली, प्रत्येक पान माझ्या नखाएवढं. त्याची कड मी पहिल्यांदा उचलली तेव्हा मागे बघणारी बाई राहिली बाजूला, मीच वाकून बघत राहिले. मागे साधं फिकट कापड. त्यावर टाक्यांच्या ओळी, पुढे जेवढे तेवढेच मागे, सारख्या अंतरावर. गाठ कुठेच नाही. गाठ असतेच, पण धागा ओढून ती कापडाच्या आत, कापसाच्या थरात बसवायची असते. ‘टक्’ असा बारीक आवाज येतो तेव्हा ती आत गेली म्हणायचं. मला हे माहीत होतं. मी ते करते. पण ‘परकर’ मशीनवर करताना कडक अस्तरातून सुई जाईना म्हणून वरच्या धाग्याचा ताण सैल करत गेले होते आणि मागे धाग्यांचे झुबके साचले होते, ते मी वरचं रूप बघून सोडून दिले होते. परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. मोजा न घालता.

जेवणाच्या सुटीत मोठा घोळ होता होता वाचला. वन्संनी डब्यात पोळी आणि बटाट्याची पिवळी भाजी दिलेली. हात साबणानं दोनदा धुतले, मोजे चढवले, जागेवर येऊन उभी राहिले. एका आजोबांनी ‘मागे काय आहे?’ विचारलं. हात उचलला, आणि दिसलं की उजव्या तर्जनीच्या टोकावर मोजा पिवळा झालाय. हळद! नखाच्या कडेला राहिली होती, घामानं बाहेर आली. त्या जपानी बाईंनी कित्येक महिने खपून केलेल्या क्विल्टपासून माझं बोट वीतभर अंतरावर होतं. आजोबांना ‘एक मिनिट’ म्हटलं आणि जी धावले ती नवीन जोड घेऊनच परत आले. तोवर आजोबा गेले होते. वन्संना संध्याकाळी सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी डब्यात दहीभात दिला.

शुक्रवार

या दिवशी ह्यूस्टनमध्ये दोन गर्दींची गाठ पडली. अॅस्ट्रोजची विजययात्रा दुपारी दोनला ठेवलेली, शाळांना सुट्टी दिलेली, आणि अख्खं शहर नारिंगी टी-शर्ट घालून एकाच वेळी मध्यवस्तीकडे निघालेलं. लाखांनी माणसं. फॅनिन साउथ हे शेवटचं स्टेशन म्हणून आम्हाला निदान चढायला मिळालं. पुढच्या प्रत्येक स्टेशनवर लोक दारातून आत डोकावून बघत होते आणि मागे सरत होते. डब्यात बेसबॉलचे चाहते आणि चाकांच्या बॅगा घेतलेल्या क्विल्टवाल्या आजीबाई एकमेकांच्या खांद्यावर टेकून उभे. मला दादरची आठवण झाली. फक्त इथे कुणी ‘अंदर चलो’ म्हणत नव्हतं. एका पोरानं कॅप्टनच्या जॅकेटवरची पानं-फुलं बघून विचारलं, “मॅडम, हे तुम्ही शिवलंत?” कॅप्टननं त्याच्या टोपीकडे बघून विचारलं, “आणि सामना तू खेळलास?” डबा हसला.

मेन स्ट्रीटला उतरून पायी निघालो. सगळं गाव सिटी हॉलच्या दिशेला, पश्चिमेला. आम्ही तिघी पूर्वेला. प्रवाहाविरुद्ध पोहणं म्हणजे काय ते त्या दहा चौकांत कळलं. नर्सबाई पुढे, ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत वाट काढणार, मागे बॅगा, मागे मी. दर चौकात कुणीतरी आमच्या तळव्यावर टाळी मारून पुढे जायचं. पहिल्या चौकात संकोच वाटला. सातव्या चौकात मीच हात वर करून चालत होते.

आत आलो तर अर्ध्या स्वयंसेवक रस्त्यात अडकलेल्या. मी दोन पाळ्या केल्या. दुपारी हॉल बराच मोकळा होता, मधूनच बाहेरची आरोळी भिंतीतून आत यायची आणि विरायची.

तीनच्या सुमारास नारिंगी टी-शर्टमधली एक बाई आली. पस्तिशीची असेल. बहिणीनं तिला तिकीट दिलं होतं, बाहेरच्या गर्दीला कंटाळून आत आली होती. क्विल्ट बघण्याची तिची रीत वेगळीच. छताकडे, खांबांकडे बघत चालत होती. माझ्यापाशी थांबून म्हणाली, “मी इथे सहा रात्री होते. त्या खांबाच्या पलीकडे.” मी काय बोलणार? तिनं फोन काढला. त्यात एका पांघरुणाचा फोटो. इथे असताना कुठल्याशा चर्चच्या बायकांनी आणून दिलेलं. तेव्हा आमच्या गिल्डनंही बेचाळीस पांघरुणं पाठवली होती, पण हे आमच्यातलं नव्हतं. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की याला काही नाव असतं का.

असतं. लॉग केबिन. मधे एक छोटा चौकोन, भोवती पट्ट्या चढवत न्यायच्या, एका अंगाला उजळ, एका अंगाला गडद. मधला चौकोन बहुतेकदा लाल ठेवतात, घरातल्या चुलीसाठी म्हणतात. मी तिला रांगेच्या टोकाला घेऊन गेले, तिथे एक लॉग केबिन होता. तिनं फोटो आणि क्विल्ट दोन्ही ताडून पाहिले, बोटानं हवेतच पट्ट्या मोजल्या. मग विचारलं, “माझ्या मागे पांढऱ्या कापडावर बदकं आहेत. याच्या मागे काय आहे?” मी कड उचलली. साधा मळखाऊ रंग. “माझं जास्त चांगलं आहे,” ती म्हणाली, आणि गेली.

शनिवार

या दिवशी पाळी फक्त सकाळची, बाकी वेळ खरेदीला. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि घरचे हे वाचण्याची शक्यता आहे. शेकडो स्टॉल, त्यातले निम्मे कापडाचे. फॅट क्वार्टर म्हणजे अठरा बाय बावीस इंचांचा तुकडा. त्यांच्या चळती अशा रचतात की रंगाच्या पेटीत पडल्यासारखं होतं. एका स्टॉलवर राजस्थानी ठशांचं कापड होतं, गावाकडे ज्याचे आपण उशांचे अभ्रे करतो ते, यार्डाला चौदा डॉलर. विकणाऱ्या बाई मलाच समजावून सांगत होत्या की हे लाकडी ठशांनी हातानं छापतात. मी अगदी लक्ष देऊन ऐकलं आणि दोन यार्ड घेतलं.

नर्सबाई लाँगआर्म मशीनच्या स्टॉलवर हरवल्या. हे मशीन म्हणजे बारा फुटांची पलंगासारखी चौकट आणि तिच्यावर धावणारं शिलाईचं डोकं. किंमत नव्या गाडीची. त्यांनी हँडल धरून दहा मिनिटं नक्षी काढली आणि परत आल्या तेव्हा चेहरा लग्न ठरल्यासारखा.

मी मात्र पुन्हा पुन्हा माझ्या रांगेत जात राहिले, या वेळी मोज्यांशिवाय, गिऱ्हाईक म्हणून. दुसरी एक स्वयंसेविका तिथे उभी होती. मी तिला पाच क्विल्टच्या मागच्या बाजू दाखवायला लावल्या. मशीनवर केलेल्या एका बक्षीसपात्र क्विल्टच्या बाइंडिंगची कड नजरेनं चाचपली. कडेपर्यंत कापूस गच्च भरलेला, कोपरे धारदार, दुमड टाके घालून बंद केलेली. माझ्या ‘परकर’चं बाइंडिंग टोकाशी रिकाम्या वेष्टनासारखं वाकतं. पोकळ, म्हणाले होते. बरोबर म्हणाले होते. हे मान्य करायला मला २४० मैल यावं लागलं, ही गोष्ट वेगळी.

रविवार

पहाटे घड्याळं एक तास मागे गेली. अमेरिकेत हिवाळी वेळ सुरू होण्याचा हा दिवस मला वर्षातला सगळ्यांत आवडता, फुकटचा तास. तो आम्ही वन्संच्या स्वयंपाकघरात साबुदाण्याची खिचडी खात घालवला. कॅप्टननं दुसऱ्यांदा वाढून घेतली.

बोलता बोलता हार्वेचा विषय निघाला. पाणी वन्संच्या गॅरेजच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. “मग दाराच्या फटीला लावायला काय मिळेना,” वन्सं म्हणाल्या, “तेव्हा आईची वाकळ होती ना, ती गुंडाळून दाबली. थेंब आत आला नाही.”

मी चमचा खाली ठेवला. “सासूबाईंची वाकळ? तुमच्याकडे आहे?”

“अगं, एक्क्याण्णवला येताना तिनंच बॅगेत कोंबली होती. धुऊन ठेवलीय, पण उसवलीय एका अंगानं. आता फेकणारच होते.”

गॅरेजमधल्या मांडणीवर, ख्रिसमसच्या झाडाच्या खोक्याखाली ती होती. वजनदार, गारठ्याला पुरून उरणारी. एका बाजूला जुन्या लुगड्याचा हिरवा, एका बाजूला धोतराचा पांढरा, आता चहाच्या रंगाचा झालेला. मोठ्या सुईनं घातलेला धावदोरा, कडेनं सुरू करून चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत नेलेला. “ने बाई,” वन्सं म्हणाल्या, “तुलाच चिंध्यांचं वेड.” त्यांचा आवाज जरा बसला होता, पण ते त्यांनी खिचडीवर ढकललं, मिरची जास्त झाली म्हणून.

दुपारपर्यंत प्रदर्शनात शेवटची फेरी मारून परतीला लागलो. हंट्सव्हिलच्या आधी झाडांवरून सॅम ह्यूस्टनचा पांढरा पुतळा वर आला. ६७ फुटांचा, त्याच्याकडे बघताना कॅप्टन दर वेळी सलाम ठोकते. मॅडिसनव्हिलला बकीजपाशी थांबलो. ते म्हणजे पेट्रोल पंप आणि जत्रा यांच्या मधलं काहीतरी, आणि तिथल्या स्वच्छ बाथरूमची कीर्ती टेक्ससभर आहे.

मी कॉफी घेऊन आले तर कॅप्टननं वाकळ गाडीच्या बॉनेटवर पसरली होती. दोघींनी हातात पांढरे मोजे चढवले होते. पंपावर येणारे-जाणारे बघत होते.

“पुढची बाजू कुठली?” कॅप्टननं विचारलं.

मी बघितलं. हिरवी? पांढरी? टाके दोन्हीकडे सारखेच. गाठीही दोन्हीकडे, जाड, उघड्या, लपवण्याचा जराही प्रयत्न नसलेल्या. सासूबाई कुठल्या अंगानं पांघरायच्या ते आठवेना. “माहीत नाही,” म्हटलं. “बहुतेक ज्या बाजूला ऊन असेल ती.”

नर्सबाई उसवलेल्या कडेपाशी वाकल्या होत्या. जखम तपासावी तसं त्यांनी दोन बोटांनी ती फट अलगद उघडली. आत कापूस नव्हता. आत लाल कापड होतं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं, आणि त्यावरही धावदोऱ्याच्या ओळी, वरच्या टाक्यांशी न जुळणाऱ्या, जुन्या.

“आत अजून एक आहे,” त्या म्हणाल्या.

वाकळ झिजली की तिच्यावरच नवं कापड चढवून पुन्हा शिवायची, हे मी त्यांना सांगितलं. म्हणजे ही सासूबाईंची, आणि आतली बहुधा त्यांच्या सासूबाईंची. कॅप्टननं मोजा काढला, उघडं बोट आत घातलं आणि डोळे मिटून चाचपलं.

“आणि तिच्या आत?”

घड्याळं मागे गेल्यामुळे साडेपाचलाच अंधारायला लागलं होतं. वाकळ घडी घालून मागच्या सीटवर घेतली. डॅलसपर्यंतच्या उरलेल्या वाटेत मी फटीतून हात घालून बसले होते. लाल कापडाच्या खाली अजून एक शिवण लागत होती, पण अंधारात रंग कळत नव्हता.